चटका न बसणारे हात

माझ्या जावेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याने मला समजूतदार, मोठ्या मनाची थोरली जाऊ समजून स्वतःची फसगत करून घ्यायला नको. हेवा तिच्या दागिन्यांचा नाही, दिसण्याचा तर अजिबात नाही, त्या बाबतीत मी अजूनही तिला मागे टाकते. हेवा तिच्या बोटांचा आहे. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. तांदळाच्या उकडीच्या पारीला चिमटे काढत ती गोल फिरतात आणि बघता बघता मोदकाला कळ्या येतात, पातळ, एकसारख्या, टोकाशी नीट मिटलेल्या. मी समोर बसून बघते आणि माझ्या पोटात दुखतं.

आम्ही लालबागला राहतो. जिथे आमची चाळ होती तिथेच आता टॉवर आहे, आणि त्यात वरच्या मजल्यावर दोन भाऊ, दोन जावा, सासूबाई आणि एक स्वयंपाकघर आहे. त्या स्वयंपाकघरातून दर संकष्टीला उकडीचे मोदक परळला, दादरला, गिरगावला जातात. हा धंदा मी सुरू केला. जाऊ तेव्हा या घरात आलीही नव्हती. चाळीतल्या शेजारणींसाठी करता करता दादरच्या एका दुकानाची ऑर्डर लागली, मग गिरगावातली घरं जोडली गेली, आणि फोनवर लोक 'लालबागच्या वहिनी' म्हणून मला ओळखायला लागले. जाऊ आली तेव्हा तिला मी नारळ खवायला बसवलं. सारणही शिकवलं. सारण कुणालाही जमतं. कळ्या मात्र माझ्या. मोदकाचं तोंड म्हणजे कळ्या, आणि ते तोंड घराघरात पोचायचं ते माझं होतं.

मग माझी बोटं मला दगा द्यायला लागली. आधी वाटलं पीठच जाड दळलंय. गिरणीवाल्याशी भांडून आले. पीठ बदललं तरी पारी माझ्या चिमटीत फाटायची, नाहीतर कळी जाड यायची, करंजीच्या काठासारखी. चिमटीत जोरच यायचा नाही. एका संकष्टीला मला ताप होता म्हणून जावेने पहिल्यांदा सगळे मोदक केले. दुसऱ्या दिवशी गिरगावातल्या एका आजोबांचा फोन आला. इतकी वर्षं ते मोदक घेतात, कधी आपण होऊन फोन केला नव्हता. म्हणाले, "वहिनी, या वेळचे मोदक बघत बसावेसे वाटले हो. खाववेनात." मी म्हटलं, "आवडले ना, झालं तर." आणि फोन ठेवून दिला. कुणाचा फोन म्हणून जावेने विचारलं, तर म्हटलं, राँग नंबर.

त्यानंतर कामाची वाटणी आपोआप बदलली. म्हणजे मीच बदलली, पण अशी की कुणाला कळू नये. उकड मळण्याचं काम मी घेतलं आणि कळ्या तिच्याकडे गेल्या. उकड गरम असतानाच मळावी लागते. गार झाली की तिला चिरा पडतात. म्हणून बायका वाटीच्या बुडाने रगडतात, मध्ये मध्ये गार पाण्यात हात बुचकळतात, हाश्श हुश्श करतात. मी वाफा येत असलेल्या उकडीत सरळ दोन्ही हात घालायची. मला काही व्हायचंच नाही. मीच आधी चकित झाले, मग मला ते आवडायला लागलं. तव्यावरचं घावन बोटांनी उलटायची, कुकरची शिटी हातानेच काढायची, दुधाचं पातेलं पकडीशिवाय उतरवायची. सासूबाईंनी आयुष्यभर तांदळाच्या भाकऱ्या केलेल्या. त्यांच्या दृष्टीने बाईचा हात कामाने तयार होतो, आणि तयार झाल्याची खूण म्हणजे त्याला आग लागत नाही. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "हिच्या हाताक चटको लागणा नाय. देवान दिलेलो हात आसा."

दिराने एकदा मी उकड मळतानाचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. गावच्या नातेवाइकांपासून सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. जावेच्या कळ्यांचा फोटोही त्याने त्याच दिवशी टाकला होता. त्याला कुणी विचारलं नाही. त्या रात्री मी चवीने जेवले.

आता कुणी म्हणेल, एवढ्या माणसांत एकालाही शंका आली नाही? कशी येणार. पाय दुखला की माणूस डॉक्टरकडे जातो. हातात कर्तबगारी आली म्हणून कुणी जात नाही. आमच्या घरात ते कौतुक होतं, आणि कौतुकाची तपासणी कोण करून घेतं?

मान मात्र दुखायची, पाठीमागे, खोल कुठेतरी. आडवं झालं की जास्त. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलं. लालबागमध्ये अर्ध्या बायकांच्या मणक्यात गॅप आहे, त्यामुळे कुणाला काही विशेष वाटलं नाही. गळ्याला पट्टा आला, विटॅमिनची इंजेक्शनं झाली, रोज रबरी पिशवीने शेकायचं ठरलं. डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायला लागली, तर नवऱ्याने मागे पट्टा असलेली सँडल आणून दिली. प्रश्न संपला. गॅप असलेल्या इतर बायका गोळी घेऊन बऱ्या व्हायच्या, पुन्हा लग्नात नाचायच्या. माझंच का रेंगाळतंय म्हणून मला त्यांचा राग यायचा.

अंगारकी होती त्या दिवशीची गोष्ट. अंगारकीला आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. गॅसवर मोदकपात्र रटरटत होतं. आतली जाळी उतरवायची होती. मी नेहमीसारखा हात घातला आणि जाळी धरून ओट्याकडे वळले. ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे डबे, केळीची पानं. मी जाळी धरून उभी राहिले आणि दिराला डबे हलवायला सांगत बसले. एवढ्यात जाऊ उठली.

"वहिनी, हात सोडा."

मला वाटलं, ही मला हुकूम सोडतेय. म्हटलं, "तू तुझ्या कळ्या बघ."

तिने माझं मनगट धरलं, हिसका दिला आणि जाळी खाली पाडली. मोदक फुटले, सारण लादीवर पसरलं. मी तिच्यावर ओरडणार होते, तेवढ्यात तिने माझा तळवा उलटा करून माझ्याच डोळ्यांसमोर धरला. जाळीच्या कडेची रेघ हातावर उमटली होती, पांढरी, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी कातडी सुटून वर आली होती. मला काहीही होत नव्हतं. बघितलं नसतं तर कळलंही नसतं.

सगळे ओट्याभोवती जमले. जाऊ म्हणाली, "हे पहिल्यांदा नाहीये. खांद्यावर फोड आलेत त्यांच्या, शेकायच्या पिशवीने. मी तेल लावताना बघितले. कोपराला तव्याचा डाग आहे. त्यांना कळतच नाही."

सासूबाई म्हणाल्या, "काय तरी बोलतस. तिचो हात तयार झालो आसा."

"आई, खांद्याने कुणी भाकरी करतं का?"

मी घाबरायला हवं होतं, पण मला आधी आला तो राग. किती दिवस बघत होती ही? माझे खांदे, माझं कोपर, माझा हात. माझ्या कळ्या तिने घेतल्याच होत्या. आता माझं दुखणंसुद्धा माझ्याआधी तिनेच शोधून काढलं.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापूस फिरवला. कळला. बोट धरून वर केलं, खाली केलं. तेही कळलं. मग सुई टोचायला लागल्या. टोचतंय की नुसता स्पर्श कळतोय ते सांगा म्हणाल्या. हातांवर, खांद्यांवर, पाठीच्या वरच्या भागावर मला नुसतं कुणी बोट ठेवल्यासारखं वाटायचं. पोटावर, पायावर मात्र सुई सुईसारखी टोचली. मग काचेच्या दोन नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, एकीत बर्फाचं. "आता कुठली लावली?" मी म्हटलं, "दोन्हीत काय फरक आहे?" डोळे उघडले तेव्हा जाऊ खाली मान घालून बसली होती.

केव्हापासून, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, हल्लीच. जाऊ म्हणाली, "नाही. दोन वर्षं तरी झाली. आधी डाव्या करंगळीकडून सुरू झालं. चिमटीचा जोर नंतर गेला." माझ्या हाताचा इतिहास तिला माझ्यापेक्षा पाठ होता. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघून मान डोलवत लिहून घेत होत्या आणि मी बाजूला बसले होते, दुसऱ्या कुणाला तपासायला आणलंय तशी.

त्यांनी समजावलं ते सोपं होतं. गरम, गार आणि वेदना यांची खबर नेणारे तंतू मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूत मधोमध एकमेकांना ओलांडतात. स्पर्शाचे तंतू वेगळ्या वाटेने, मागच्या बाजूने जातात. नेमकं मध्ये काही वाढत असेल तर आधी ते ओलांडणारे तंतू दबतात. म्हणून स्पर्श शाबूत आणि चटका गायब. मग ते वाढत वाढत हाताच्या ताकदीवर येतं, मग पायांवर. एक्स-रेत हाडं दिसतात, हे दिसत नाही. एमआरआय हवा.

त्या बोगद्यात मी ठोकाठोक ऐकत पडून राहिले. मध्येच हातात रंगाचं इंजेक्शन दिलं. सुई गेली ती नुसतं बोट ठेवल्यासारखी वाटली. रिपोर्टमध्ये निघालं की मानेत, मज्जारज्जूच्या आत, बोटभर लांबीची गाठ आहे. बहुधा एपेंडिमोमा. मोठ्या माणसांमध्ये मज्जारज्जूच्या आत होणाऱ्या गाठींत ही त्यातल्या त्यात नेहमीची, पण मुळात अशा गाठीच फार थोड्यांना होतात.

एपेंडिमोमा. हे नाव आमच्या घरात कुणाला उच्चारता आलं नाही. नातेवाइकांचे फोन यायचे. "काय झालंय?" "मणक्यात गाठ." "म्हणजे कॅन्सर?" "बहुधा तसा नाही, काढून तपासल्यावर कळेल." यावर पलीकडून "हां हां" यायचं आणि बोलणं दुसरीकडे वळायचं. आमच्या मजल्यावर एका बाईंना कॅन्सर झाला होता. त्यांच्या घरी रांग लागायची, लोक रडायचे, फळं आणायचे, अनुभव सांगायचे. प्रत्येकाचा कुणीतरी त्यातून गेलेला. मला जे झालं होतं त्यातून कुणाचं कुणीच गेलं नव्हतं. मला त्या बाईंचासुद्धा हेवा वाटला. त्यांच्या रोगाला निदान लोक ओळखत होते.

सर्जन उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. मानेच्या मागून हाड उघडायचं, मज्जारज्जू मागच्या बाजूने मधोमध उभी चिरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठ सोडवून काढायची, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे मिटलेला मोदक उघडायचा, सारण काढायचं आणि पारी फाटू द्यायची नाही." ते पहिल्यांदाच हसले. पुढच्या वेळी गेले तर हेच ते आपल्या विद्यार्थ्यांना सांगत होते, जणू त्यांनाच सुचलंय.

मी विचारलं, "हात पूर्वीसारखे होतील?"

"जे गेलंय ते परत येईल असं मी सांगत नाही. जे आहे ते जाऊ नये म्हणून हे ऑपरेशन. आणि जिथून आत शिरायचं तिथेच स्पर्शाचे तंतू आहेत. सुरुवातीला आहे त्यापेक्षा वाईट वाटेल."

"नाही केलं तर?"

"पाय जातील. नंतर श्वासापर्यंत येईल."

"कळ्या येतील का मला?"

कळ्या म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. मी हवेत चिमटा काढून दाखवला. दोन बोटं आणि अंगठा थरथरत जवळ आले आणि एकमेकांना चुकवून गेले. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही." माझ्या शेजारी जाऊ बसली होती. तिची बोटं मांडीवर गप्प पडली होती. ही बोटं कुठे जाणार नव्हती, आणि मी नसले तरी मोदक होणार होते.

भूल देण्याआधी एक मुलगी माझ्या हातापायांना तारा लावायला आली. ऑपरेशन चालू असताना मेंदूकडून हातापायांपर्यंत आणि उलट इशारे जातायत की नाही ते ती सगळा वेळ मशीनवर बघत राहणार होती, इशारा क्षीण झाला की सर्जनना थांबवणार होती. मी तिला म्हटलं, "उजव्या अंगठ्याकडे जरा जास्त लक्ष ठेव." ती म्हणाली, "सगळीकडेच ठेवते, मावशी." मला तिचं उत्तर आवडलं नाही.

जागी झाले तेव्हा पाय हलत होते. बोटंही हलत होती. सर्जन येऊन म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. नवरा डोळे पुसत होता, सासूबाईंनी फोनवरूनच देवाला नारळ बोलला. मी हात पांघरुणात घेतला आणि तो हरवला. म्हणजे होता, पण कुठे आहे, मुठीत की उघडा, छातीवर की कुशीला, काही कळेना. पांघरूण काढून बघितलं की असायचा. डोळे मिटले की पुन्हा कुठे गेला ते कळायचं नाही. आधी मला स्पर्श होता आणि चटका नव्हता. आता दोन्ही वाटा अडलेल्या होत्या.

शेजारच्या खाटेवर शीव कोळीवाड्यातली एक मासळी विकणारी बाई होती. तिलाही मणक्यातच गाठ. तिचंही ऑपरेशन माझ्याच आठवड्यातलं. पण तिची गाठ मज्जारज्जूच्या बाहेर, आवरणाला चिकटलेली होती, आत घुसलेली नव्हती. आली तेव्हा तिला धड उभं राहता येत नव्हतं. आता ती वॉर्डभर फिरायची, नर्सना मासे निवडायचे कसे ते सांगायची, आणि माझ्या खाटेशी येऊन माझा हात हातात घेऊन बसायची. "माझी भायर होती गो बाय, म्हणून सुटले. तुझी आत होती. तुला येळ लागेल." चांगल्या मनाने बोलायची. तिचा हात माझ्या हातावर आहे हे मला बघून कळायचं. ती चालत लिफ्टकडे गेली, मागे वळून हात हलवला, आणि मी भिंतीकडे तोंड केलं. दोघींना गाठ, दोघींचा मणका एकाच जागी उघडलेला, आणि थोड्याशा अंतराने तिचं सगळं परत आलेलं. त्या अंतराचा हेवा कुणापाशी बोलून दाखवायचा?

तपासणीचा अहवाल आला. गाठ दुसऱ्या दर्जाची, म्हणजे संथ वाढणारी. पूर्ण निघाल्यामुळे रेडिएशनची गरज नाही, पण ठरावीक काळाने एमआरआय करत राहायचा. सगळे म्हणाले, सुटलो. मीही म्हटलं, सुटलो.

घरी आले तर माझ्या पाटावर जाऊ बसलेली. बसणारच. मध्ये संकष्टी येऊन गेल्या होत्या, ऑर्डरी थांबल्या नव्हत्या, उलट वाढल्या होत्या. फोन तीच घ्यायची. पलीकडून आता 'वहिनी' तिलाच म्हणत. उकड मळायला तिने एक मदतनीस बाई ठेवली होती, वाटीच्या बुडाने रगडणारी. माझ्यासाठी खिडकीशी पाठ टेकायची खुर्ची आणली होती. तिथून स्वयंपाकघर पूर्ण दिसायचं. मला वाटतं तिने मुद्दाम ती तिथे ठेवली, मला करमावं म्हणून. मला मात्र नाटकाला पहिल्या रांगेत बसवल्यासारखं व्हायचं, आणि नाटकात माझी भूमिका दुसरी कुणी करत होती.

फिजिओथेरपीवाल्याने एक रबरी माती दिली होती, बोटांनी दाबायला. ती मला आवडेना. एके दिवशी जावेने कोमट उकडीचा गोळा ताटलीत घालून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "हिच्यावर करा. बघत बघत करा, म्हणजे बोटं कुठे जातायत ते कळेल." मी ताटली परत केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली. पुन्हा परत केली. तिसऱ्या वेळी तिने ठेवली आणि मागे वळून न बघता गेली. तेव्हा मी एक चिमटा काढला. गोळ्याला खड्डा पडला. कळी वगैरे काही नाही, लहान पोराने मातीत बोट खुपसावं तसं.

त्यानंतर रोज करते. डोळे मिटून मला अजून काहीच करता येत नाही, पण बघत राहिलं तर बोटं ऐकतात, उशिराने, कुरकुरत. हल्ली पारी फाटत नाही. कळी येते, जाड येते. घरच्या नैवेद्याला चालतात माझे मोदक. ऑर्डरीत जात नाहीत, आणि आता जाणार नाहीत, हे मला डॉक्टरांनी नाही, दादरच्या दुकानदाराने सांगितलं. फोन चुकून मी घेतला होता. म्हणाला, "मोदक त्याच ताईंनी करावेत एवढं बघा, बाकी काही नाही." मी म्हटलं, "तीच करते." आणि खरं सांगते, ते दोन शब्द उच्चारताना जे दुखलं ते मानेत चीर घेतानाही दुखलं नव्हतं, तेव्हा निदान भूल होती.

परवाची संकष्टी. मदतनीस बाई आली नाही. जाऊ एकटी, गॅसवर दोन मोदकपात्रं, दारात दिराची घाई. मी खुर्चीत, मांडीवर ताटली. तिने झाकण तिरकं उचललं आणि वाफेचा लोट सरळ तिच्या मनगटावर आणि बोटांवर आला. झाकण पडलं. ती किंचाळली आणि हात पोटाशी घेऊन वाकली. सासूबाई धावल्या, दीर चपला न काढता आत आला. तिला नळाखाली उभं केलं. ती पाय आपटत होती, ओठ चावत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. हात पाण्याबाहेर काढला की "आई गं" म्हणायची आणि पुन्हा आत घालायची. बोटं लालबुंद झाली होती, तीच तीन.

मी उठून तिच्याजवळ गेले. आता मोदक कोण करणार, हा विचार माझ्या मनात आलाच नाही, शपथेवर सांगते. माझी नजर तिच्या तोंडावर खिळली होती. तिचा हात तिला हाका मारत होता, सगळ्या बाजूंनी, एकसारखा, आणि तिला एक क्षणही त्याला विसरता येत नव्हतं. तिच्या कळ्यांचा हेवा मी केला, तिच्या पाटाचा केला, पण इतका हेवा कधी कशाचा वाटला नव्हता. मी माझा हात तिच्या हाताशेजारी त्याच धारेखाली धरला. पाणी गार होतं म्हणतात.

"कसं होतंय गं?" मी विचारलं.

ती हुंदके देत म्हणाली, "आग होतेय हो, वहिनी, काय विचारता."

"ते कळलं. पण कशी होते? नीट सांग ना."

तिला आधी वाटलं मी टोमणा मारतेय. तिने वळून माझ्याकडे बघितलं, मग धारेखाली शेजारी शेजारी धरलेल्या आमच्या हातांकडे. नाक पुसलं. आणि मग हळूहळू, बोटाबोटाने, मला सांगायला लागली.